गुंजीचा पिवळा कण

एक होती मधमाशी. तिळाएवढी. तिचं नाव गुंजी.

गुंजीने सूर्यफुलातून पिवळा कण घेतला. घरी पिल्लू भुकेलं होतं. गुं गुं गुं, गुंजी निघाली.

वारा आला. भुर्रर्र. कण उडाला. शेतात ऊर्वी उभी होती. कण गेला थेट ऊर्वीच्या नाकात.

आक्छी. आक्छी. आक्छी.

नाक सुजलं. लाल झालं. बंद झालं.

ऊर्वी म्हणाली, "बाबा, बाझं दाक बंद झालं."

गुंजीला आला राग. "नाका नाका, दार उघड. माझा कण दे."

नाक म्हणालं, "उघडणार नाही. आत पूडवाला खाजेची पूड उधळतोय. आधी त्याला थांबव."

दाराला होती बारीक फट. गुंजी शिरली आत. गुं गुं गुं.

पूडवाला पूड उधळत होता. फुस्स फुस्स.

"पूडवाल्या, थांब. नाक उघडेना, कण मिळेना."

"थांबणार नाही. चिमट्याने चोर पकडलाय. आधी चिमट्याला सोडायला सांग."

"चोर नाही तो. माझ्या पिल्लाचं जेवण आहे."

गुंजीचे पंख रागाने थरथरले. गुं गुं गुं.

चिमट्याने कण घट्ट धरला होता. कच्च कच्च.

"चिमट्या, सोड. पूडवाला थांबेना, नाक उघडेना, कण मिळेना."

"सोडणार नाही. हवालदाराचा हुकूम आहे. आधी हवालदाराला गप्प कर."

गुंजी आणखी चिडली. गुं गुं गुं.

हवालदार ओरडत होता. "धरा धरा, चोर आला. धरा धरा, चोर आला."

"हवालदारा, गप्प बस. चिमटा सोडेना, पूडवाला थांबेना, नाक उघडेना, कण मिळेना."

"बसणार नाही. सगळ्यांना शांत करणारी शांताक्का म्हणाली तरच गप्प बसेन."

गुंजी रागाने लालेलाल. गुं गुं गुं.

शांताक्का कोपऱ्यात बसली होती.

"शांताक्का, ऊठ. हवालदार गप्प बसेना, चिमटा सोडेना, पूडवाला थांबेना, नाक उघडेना, कण मिळेना. इतका वेळ होतीस कुठे?"

"इथेच होते. मला कुणी बोलावलंच नाही."

शांताक्का उठली. हवालदाराकडे गेली.

"हा कण कुणाला चावला का?"

"नाही, अक्का."

"कुणाला बोचला का?"

"नाही, अक्का."

"मग ओरडतोस कशाला? गप्प बस."

हवालदार बसला गप्प.

चिमट्याने सोडला कण.

पूडवाल्याने थांबवली पूड.

नाकाची सूज उतरली. नाकाने उघडलं दार.

गुंजीने कण उचलला. जाता जाता नाकाला म्हणाली, "पुढच्या वेळी आधी विचार. मग दार लाव."

ऊर्वीने श्वास घेतला. भरभरून घेतला. "बाबा, माझं नाक उघडलं."

"अगं, कसं काय?"

ऊर्वीला कुठे ठाऊक?

गुं गुं गुं, गुंजी घरी आली. पिल्लाने कण खाल्ला. मट्ट मट्ट. तेव्हा कुठे गुंजीचा राग गेला.

पिल्लू जेवलं, गोष्ट निजली.