नसलेल्या पेरूची चव

नाशिकच्या एका क्लबात दोन छंदवर्ग निघाले, एक वाईन चाखण्याचा आणि दुसरा कॉकटेल बनवण्याचा. अच्युतने बायकोला न विचारताच दोघांची नावं वाईनला दिली, कारण तो वर्ग क्लबचे अध्यक्ष रणदिवेसाहेब घेणार होते.

साहेबांनी ग्लास फिरवला, हुंगला, घोट घेऊन डोळे मिटले. "वा! पिकलेला पेरू, मध आणि मागून हलकीशी वेलची!"

"वेलची तर फारच छान, साहेब," अच्युत म्हणाला.

"वहिनी, तुम्हाला काय लागलं?"

"द्राक्षं. जरा आंबट," मृदुला म्हणाली.

सगळे हसले. हिला आणलीच कशाला, असं अच्युतला झालं.

"तुम्ही आपल्या कॉकटेलला जा," साहेब म्हणाले. "सरबतं ढवळणाऱ्यांना तेच जमतं."

मृदुलाचा चेहरा उतरला. तरी तिने शांतपणे विचारलं, "साहेब, या बाटलीत पेरू आणि वेलची कोणी घातली?"

"छे, छे! निव्वळ द्राक्षं आहेत!"

"मग तिकडेच जाते. तिथे जे घालीन, तेच लागलं म्हणता येईल."

पुन्हा हशा उसळला. मृदुला उठून गेली. अच्युतला मात्र हसवेना. त्यालाही नुसती आंबट द्राक्षंच लागली होती. तिच्यामागे जावंसं वाटत होतं, पण तिच्याकडे बघायचं कसं, तेच त्याला कळेना.