रेवती साळुंकीची शाळा

फार फार पूर्वी, लेण्यांच्या एका डोंगरावर रेवती नावाची म्हातारी साळुंकी राहायची. भिक्खूंच्या तोंडून ऐकलेलं पंचशील ती रोज सकाळी पाखरांच्या पोरांना शिकवायची. "कुठल्याही जीवाची हिंसा करणार नाही," असं ती म्हणे, आणि पोरं तिच्यामागून एका सुरात म्हणत.

एके सकाळी कड्यावरच्या घरट्यातून ससाण्याचं पिल्लू धपकन शाळेतच पडलं. त्याचा पंख मोडला होता.

"आजी, याच्याच आईनं तुमची लेक उचलून नेली ना? चोची मारून संपवूया याला!" असं म्हणत मोठी पोरं पुढं सरसावली.

रेवतीनं त्यांना अडवलं नाही. लेकीची शेवटची किंकाळी तिच्या कानांत पुन्हा उठली होती.

तेवढ्यात सगळ्यांत धाकटा बुलबुल गोंधळून म्हणाला, "आजी, पण ते शील ससाण्याला धरून आहे की सोडून?"

पोरं रेवतीकडे बघू लागली. ती वाट काढत पुढं गेली आणि पंख पसरून पिल्लासमोर उभी राहिली.

"मागं व्हा रे," एवढंच ती म्हणाली.

मग लेण्याजवळच्या टाक्यातून तिनं चोचीत पाणी आणलं. पिल्लानं भीत भीत तोंड उघडलं. रेवतीनं ते पाणी त्याच्या चोचीत सोडलं, एक थेंबही बाहेर सांडू दिला नाही.