गेनूचं बाळ पालथं पडतं

आमच्या पलीकडच्या गावात गेनू नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि त्यालाच सगळे घाबरायचे.

त्याच्या बाळाला साडेपाच महिने झाले, तरी ते पालथं पडेना. पालथं पडलं की आळीत करंज्या वाटायची त्यांच्याकडे रीत. त्याच्या बायकोने, सुंदराने, खोबरं किसून ठेवलेलं, ते खवट झालं. येणारी-जाणारी विचारायची, "अजून नाही?"

अंगणवाडीच्या मंदाताई म्हणाल्या, "सारखं कडेवर कशाला घेता, गेनूभाऊ? जागं असताना सतरंजीवर ठेवा. खुळखुळा हातात देऊ नका, वीतभर लांब ठेवा. धडपडू दे. आपण नुसतं बघायचं."

"बरं," गेनू म्हणाला.

दुपारी सासरे जेवायला आले. गेनूने ताट वीतभर लांब ठेवलं. सासऱ्यांनी हात लांबवला. गेनूने ताट आणखी सरकवलं. सासरे पाटावरून घसरले ते थेट आमटीत, पालथे. गेनू नुसतं बघत बसला.

"जावईबापू, बघताय काय? पालथा माणूस दिसला की आधी सरळ करावा."

"बरं," गेनू म्हणाला.

संध्याकाळी शेजारचे किसनतात्या ओट्यावर पालथे पडले होते. पाठीत उसण भरलेली, वर हळद-चुन्याचा गरम लेप. गेनूने त्यांना सरळ केलं. तात्या ओरडले ते वेशीपर्यंत ऐकू गेलं. काकू बाहेर आल्या.

"केलंस सरळ? आता दोन्हीकडून ज्वारीची पोती पण लाव. म्हणजे कूस बदलायला नको."

"बरं," गेनू म्हणाला आणि पोती आणायला निघाला. काकूंनी त्याला घरी हाकललं.

दुसऱ्या दिवशी सुंदरा धुणं घेऊन नदीवर निघाली. "अहो, बाळाजवळून हलू नका हं. मला मेलीला सारखी धाकधूक."

ती परतली तेव्हा गेनू दारातच घाम पुसत उभा.

"पडलं का हो पालथं?"

"पडलं की."

सुंदराच्या हातातली बादली सुटली. डोळे भरून आले. "खरं? कधी?"

"तू गेलीस आणि लगेच. मी सरळ केलं. परत पडलं. परत सरळ केलं. सहा वेळा. फार हट्टी आहे."

सुंदरा आत धावली. सतरंजीवर बाळ उताणं. डावीकडे एक पोतं, उजवीकडे एक पोतं.

"तू आता घोर लावून घेऊ नकोस," गेनू मागून म्हणाला. "परत नाही पडायचं ते."