साळिंदराची आखणी आणि खाडीची वाट

डोंगराच्या पायथ्याशी, साग-ऐनाच्या रानात, एक साळिंदर राहत असे. मुलांनो, त्याच्याइतके नेटके जनावर त्या रानात दुसरे नव्हते. साधा कंद उकरायचा तरी ते आधी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारी आणि मगच नख लावी. कुणाला कुठे जायचे झाले, की आखणी करायला साळिंदराला बोलावणे येई. खरे सांगायचे तर त्याचा त्याला थोडा ताठाही होता.

एके दिवशी म्हातारी सशीण त्याच्या बिळाशी आली. "बाळा, एक मागणं आहे," ती म्हणाली. "खाडीकाठच्या अभयारण्यात रोहित पक्षी येतात म्हणे, गुलाबी पंखांचे. माझा एक डोळा तर गेलाच, दुसऱ्यालाही आता सगळं धुक्यातलं दिसतं. उन्हाळा सरला की ते पक्षी उडून जातील, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत माझी नजर काही थांबायची नाही. एवढं दाखवशील का?"

साळिंदराला गहिवरून आले. "आजी, तुम्ही काळजीच करू नका," ते म्हणाले आणि वाटेची पाहणी करून यायला लगेच एकटेच निघाले.

दोन दिवस चालून ते उजाडता उजाडता खाडीवर पोहोचले. काठापासून समोरच्या बेटापर्यंत वाळूचा लांबलचक पट्टा कोरडा पडला होता. त्यावरून खुशाल चालत ते बेटावर गेले. बेटाच्या पलीकडे, दूरवर, रोहित पक्ष्यांचा थवा चरत होता. साळिंदर समाधानाने मागे फिरले आणि परतीच्या वाटेवर त्याने सगळी आखणी पक्की केली. पहिला मुक्काम वडाखाली, दुसरा झऱ्याकाठी आणि सूर्य उगवताना वाळूची वाट. ऊन चढायच्या आत माघारी.

आजींबरोबर रानातली आणखीही काही मंडळी निघणार होती, त्यांत एक मुंगूस होते. त्याने विचारले, "तिथल्या कुणाला विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? माझ्या या चार पायांनी ती वाट तुडवली आहे," साळिंदर म्हणाले. "तसा काठावर एक खेकडा होता. पण दिवसभर चिखलात बसणाऱ्याला काय कळणार?"

एक दिवस तयारीत गेला आणि मंडळी निघाली. सगळे ठरल्याबरहुकूम झाले. वडाची सावली मिळाली, झऱ्याचे पाणी मिळाले आणि साळिंदर बेटावर जाऊन आले त्यानंतर बरोबर पाचव्या दिवशी, सूर्य उगवत असतानाच, सारे खाडीवर येऊन ठेपले. पाहतात तो वाळूची वाट कुठेच नाही. काठापासून बेटापर्यंत नुसते पाणी. साळिंदर डोळे फाडून पाहत राहिले. वाट इथेच होती, वेळही तीच होती. मग चूक पाण्याचीच असणार, असे त्याला अगदी मनापासून वाटले.

तेवढ्यात मुंगूस ओरडले, "आजी कुठे आहेत?"

सशीण पुढे निघून गेली होती. सूर्य उगवताना वाट कोरडी असते, असे साळिंदराने सांगितले होते आणि तिचा त्याच्या शब्दावर पूर्ण विश्वास होता. पाय भिजले तेव्हा तिला दव वाटले. पोट भिजले तेव्हा ती थबकली, पण पुढच्याच लाटेने तिला उचलले. साळिंदराने मागचापुढचा विचार न करता पाण्यात उडी घेतली आणि तिचा कान दातांत धरून तिला काठावर ओढून आणले.

सशीण कुडकुडत म्हणाली, "दव फार पडलंय रे आज." तिच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता. साळिंदराला आपलीच लाज वाटली. ते खाली मान घालून खेकड्यापाशी गेले. "दादा, माझं चुकलं," ते म्हणाले. "त्या दिवशी इथे वाट होती. आज का नाही?"

खेकड्याने चिखलातून डोळे वर काढले. "त्या दिवशी अमावास्या होती, आज पंचमी. आमच्याकडचं पाणी रोज दोन घटका उशिरा उतरतं. पाच दिवसांच्या दहा घटका झाल्या. तुम्ही वेळेवर आलात, पण आमच्या नाही, तुमच्या."

"मग दहा घटका थांबू. वाट मोकळी झाली की आजींना बेटावर नेतो."

"बेटावर कशाला? पाणी पुरतं गेलं की ते पक्षी त्याच्यामागे पार लांब जातात. या आजीबाईंना तिथून काय दिसणार? पाणी नुसतं उतरू लागलं, की पहिल्यांदा ते इथेच चरायला येतात. गप्प बसा म्हणजे झालं."

सगळे गप्प बसले. साळिंदरसुद्धा बसले, आणि काहीही न आखता बसणे त्याला फार जड गेले. ऊन वर चढले, काठचा चिखल हळूहळू उघडा पडला आणि एकेक करून रोहित पक्षी उतरू लागले. एक तर इतका जवळ आला, की त्याने पंख झाडले तेव्हा पाण्याचे थेंब सशिणीच्या मिशांवर उडाले.

सशिणीने आपला उरलेला डोळा त्या पंखांकडे वळवला. मग हळूच म्हणाली, "अगदी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या कानांसारखे आहेत रे हे."

साळिंदराचे डोळे भरून आले. थोड्या वेळाने ते खेकड्याकडे वळून म्हणाले, "दादा, आम्ही परत केव्हा निघावं, तेही तुम्हीच सांगा."

तात्पर्य : एकदा पाहिले म्हणजे सारे कळले असे होत नाही, ज्याच्या गावी जायचे, त्याला विचारूनच बेत आखावा.