माडांत हरवलेलं घर

एका खाडीच्या तोंडाशी एक नारळाचा व्यापारी राहत होता. कानाशी धरून हलवल्याशिवाय त्याने आयुष्यात नारळ घेतला नव्हता. अशा माणसाला कोण फसवणार? पण पुढे ऐका.

त्याचं घर होतं टेकाडावर, माडांच्या बनात. वडिलांनी बांधलेलं. दर दिवाळीआधी चुन्यात पिवडी कालवून ते बाहेरून पिवळंधमक रंगवायचं, अशी घरची रीत. गावातले लोक चेष्टा करायचे, "घर आहे की हळद लागलेला नवरदेव?" व्यापारी वरवर हसायचा, पण मनातून त्याला ते लागायचं.

पुढे धंदा वाढला. मुलगी मोठ्या घरी पडली. तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची वेळ आली, तेव्हा व्यापाऱ्याने ठरवलं की लेकीला घर शोभेसं दिसलं पाहिजे.

तो शहरात रंगाच्या दुकानात गेला. दुकानदाराने तळहाताएवढी एक पाटी पुढे केली. "शेट, हा शेवाळी. मोठमोठ्या बंगल्यांना हाच लागतो."

आणि नारळ हलवून घेणाऱ्या माणसाने तेवढ्याशा तुकड्यावरून अख्ख्या घराचा रंग ठरवला.

बायको म्हणाली, "अहो, मी लग्न होऊन आले तेव्हा होडीतून सगळ्यात आधी मला ही पिवळी भिंत दिसली. राहू द्या की."

"अगं, तेव्हा आपल्याला दुसरं काही परवडत नव्हतं," व्यापारी म्हणाला.

घर शेवाळी झालं. अंगणात उभं राहून पाहिलं तर खरंच देखणं दिसत होतं. त्याच ऐटीत व्यापारी लेकीला आणायला गेला.

परतताना दिवस कलला होता, ओहोटी लागली होती. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक, आणि मधून एकच अरुंद वाट. होडीचा म्हातारा तांडेल सुकाणू धरून उभा राहिला, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि गोंधळला.

"शेट, तुमचं घर कुठे गेलं?"

व्यापाऱ्याने पाहिलं. टेकाडावर नुसते माड. घर त्या हिरव्यात पार मिसळून गेलं होतं.

"घराशी तुला काय करायचंय? होडी ने."

"कशी नेऊ? तुमच्या पिवळ्या भिंतीवर होडीचं तोंड धरूनच आम्ही सगळे आत येतो. तुमच्या वडिलांच्या वेळेपासून."

"मग हे मला आधी कधी का नाही सांगितलंस?"

"उद्या सूर्य उगवणार आहे, हे कोणी सांगतं का, शेट?"

एवढ्यात होडीचा तळ खडकाला खरवडला. लेकीने एका हाताने पोट धरलं, दुसऱ्याने बापाचा दंड. "बाबा," एवढंच म्हणाली ती.

घरी बायको सज्जात उभी होती. होडी वाट चुकून घुटमळतेय, हे तिने पाहिलं. ती आत धावली, पेटीतून आपल्या लग्नातली पिवळी साडी काढली आणि कठड्यावरून खाली भिंतीवर सोडली.

"ते बघा, तिथं आहे घर," तांडेल म्हणाला. त्याने होडीचं तोंड वळवलं, साडीच्या रोखाने धरलं आणि सगळ्यांना सुखरूप धक्क्याला लावलं.

घरात पाऊल टाकताच व्यापारी बायकोला म्हणाला, "उद्या पिवडी कालवायला घे." ती म्हणाली, "भिजत घातलीये."

दिवाळीत नातीचं बारसं झालं. पाहुण्यांतल्या एकाने जुनी चेष्टा उकरून काढली. "काय शेट, पुन्हा हळद लावलीत?"

"लावली," व्यापारी मिशीवर हात फिरवत म्हणाला. "आणि आमचा नवरदेव असा आहे, की खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक होडीला आधी त्याचं तोंड बघावं लागतं. तुम्हीही त्यालाच बघून आलात ना?"

पाहुणा होडीनेच आला होता.

तात्पर्य: घराचा रंग अंगणात उभं राहून एकदा बघावा, आणि घराकडे येणाऱ्यांच्या डोळ्यांनी दोनदा. लोक हसतात म्हणून आपली ओळख पुसू नये; तिच्या भरवशावर कोण वाट काढत असेल, आपल्याला ठाऊक नसतं.