वजावट

साळिंदरांच्या राज्यात दर उन्हाळ्यात वणवा लागे आणि दर उन्हाळ्यात साळिंदरं थोडी कमी होत. जमीन सगळी कातळाची, त्यामुळे बिळं खोल जात नसत. शेवटी पंचांनी ठरवलं की माळावर मातीची एक मोठी गढी उभारायची आणि वणवा आला की सगळ्यांनी तिच्यात शिरायचं.

चिखलात हात घालणं साळिंदरांना कमीपणाचं वाटे, म्हणून बांधकाम घुशींना दिलं. जेवढी भिंत तेवढे कंद, असा करार झाला. भिंत मोजायचं काम येसा नावाच्या साळिंदराकडे आलं. स्वतःच्या अंगावरून गळलेला लांब काटा घेऊन तो मोजत फिरे. काट्यावरचे काळे-पांढरे पट्टे मापाला फार सोयीचे होते.

मोजणीचा नियम साधा होता. जिथे भिंत नाही तिथलं माप वजा करायचं. मात्र ज्या भोकातून साळिंदराचं नुसतं डोकं बाहेर निघेल, तेवढं भोक वजा करायचं नाही; इतक्या बारीकसारीक गोष्टींत कोण वेळ घालवणार? येसाच्या आधीच्या मोजणीदाराने घुशींच्या एका मुकादमावर मेहेरबानी करून मोकळी जागा भिंत म्हणून धरली होती. पंचांनी भर सभेत त्याचे काटे उपटले आणि त्याला हाकलून दिलं. ती उघडी, रक्ताळलेली पाठ येसाने जवळून पाहिली होती, आणि तेव्हापासून तो डोळ्यांत तेल घालून मोजत असे.

गढीच्या चार बाजू घुशींच्या चार टोळ्यांकडे होत्या. तीन बाजू पुऱ्या झाल्या तेव्हा येसा त्यांच्याभोवती दोनदा फिरला. भिंतीभर हवेसाठी भोकं होती, सगळी बरोबर डोक्याएवढी. दार एकही नव्हतं. प्रत्येक टोळीला विचारलं तर ती म्हणे, दार दुसऱ्या बाजूला असेल.

चौथी बाजू कोंडाबाईच्या टोळीची. माल आत नेण्यापुरतं एक खिंडार तिथे अजून उघडं होतं. कोंडाबाई तोंडाने फटकळ होती, पण कामात खोट करणारी नव्हती.

"मोजणीदार, दार ठेवायला माझी ना नाही," ती म्हणाली. "उंबरा घडवायचा, कमान पेलायची, आगीला अडवेल असा दगड बसवायचा. सगळ्यात जास्त कष्ट तिथे, आणि तुमच्या मापात तिथे काहीच नाही. तेवढं भिंतीत धरा, मी दार करून देते."

येसा पंचांकडे गेला. थोरले पंच, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. या नियमाने राज्याचे किती कंद वाचले हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं, दाराचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले आणि त्याची पाठ थोपटली. पाठीला हात लागताच येसा शहारला. घरी त्याची बायको पारू दिवस भरत आलेली होती. तिने एवढंच विचारलं, "अहो, आत शिरू हो आपण. बाहेर कुठून निघायचं?" येसाने वेळ मारून नेली.

बैठकीआधीच वणवा आला. सगळं राज्य त्या खिंडारातून आत घुसलं, आणि धूर मागोमाग येऊ लागला तसा बुजवा, बुजवा असा एकच ओरडा झाला. कोंडाबाईच्या टोळीने आतून खिंडार लिंपलं. माती ओली आहे तोवर तिथे दार कोरता येईल, असं कोंडाबाई जाता जाता येसाच्या कानात म्हणाली. येसाला तेवढाच धीर आला. मग घुशी भोकांतून बाहेर पडून ओढ्याकडे पळाल्या. त्यांना ती भोकं ऐसपैस होती.

वणवा गढीभोवती फिरून गेला. आत एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. मात्र मातीची भिंत आचेने तांबूस झाली होती आणि काट्याने ठोकली की खणखणत होती. साळिंदरांनी दातांनी, नखांनी ती उकरून पाहिली, पण तिचा टवकासुद्धा निघेना. आत पाण्याचा थेंब नव्हता. पारूला कळा सुरू झाल्या होत्या. हवेसाठी जो तो भोकातून डोकं बाहेर काढून उभा राहिला.

दुपारी कोंडाबाई राखेतून चालत आली. तिने भिंतीला दात लावून पाहिला.

"फोडता येईल," ती म्हणाली. "अख्खी टोळी लागेल, दात झिजतील. माप कशात धरायचं तेवढं सांगा. भिंतीत धरतो म्हणा, आत्ता सुरू करते."

भिंतीभरची डोकी, जेवढी वळत होती तेवढी, येसाकडे वळली. पारूचं डोकं त्याच्या डावीकडच्याच भोकात होतं. तिचे ओठ कोरडे पडले होते. काय बोलायचं हे येसाने ठरवून ठेवलं होतं. दोनच शब्द होते, आणि ते त्याच्या जिभेवर आलेही होते. इतक्यात उजवीकडच्या भोकात आबा खाकरले.

येसाची पाठ आत, अंधारात होती. तिच्यावरचे काटे आपोआप उभे राहिले.

"मोकळ्या जागेला माप नाही," तो म्हणाला.

पंचांनी समाधानाने मान हलवली, भोकात हलते तेवढी. कोंडाबाई शेपटीवरची राख झटकून ओढ्याच्या दिशेने चालू लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत येसा समोरच बघत होता. डावीकडे मान वळवायचा त्याला धीर झाला नाही. वळवली तेव्हा पारूचं भोक रिकामं होतं.