सभासद क्रमांक अठ्ठेचाळीस

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळा असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचं नाव शिवाप्पा. आता लपवून काय करू, तो शिवाप्पा मीच.

माझी बायको महादेवी जेवणाचे डबे करते. वीस डबे मी सायकलवरून पोचवायचो. एकदा सूतगिरणीनं एकदम साठ डबे सांगितले. सोमवारपासून, बरोबर अकरा वाजता. पहिल्याच दिवशी उशीर झाला तर काम दुसऱ्या डबेवालीला. सायकलवर साठ डबे बसत नाहीत, मी बसवून बघितले. म्हणून जुना टेम्पो घ्यायचं ठरलं.

महादेवीनं बजावलं, की गाडी तालुक्याच्या वाहन विक्रेता संघटनेच्या सभासदाकडूनच घ्यायची आणि प्रमाणपत्र नीट बघून घ्यायचं.

मी ऐकणारा माणूस आहे. तालुक्याला बबन शेवाळेच्या दुकानात गेलो. भिंतीवर प्रमाणपत्र होतं. खुर्चीवर चढून बघितलं. शिक्का गोल होता, सही पूर्ण होती. मागची बाजूही बघितली, तिथं पाल होती. शेवाळेनं विचारलं, टेम्पो बघायचा नाही का? म्हटलं, नको, बायकोनं प्रमाणपत्र बघायला सांगितलंय. त्याला माझ्याबद्दल फार आदर वाटला असावा, कारण त्यानं लगेच चहा मागवला.

टेम्पो उताराला छान पळाला. उतार संपला तिथं तोही थांबला. पुढं ट्रॅक्टरला बांधून घरी आणला.

महादेवीनं कपाळाला हात लावला. "अवो, कागद कसला बघत बसलाय? खाली वाकून बघायचं, चार ठिकाणी ठोकून बघायचं, मैलभर चालवून बघायचं. आता उद्या जाऊन अध्यक्षांना सांगा."

मी ऐकणारा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी संघटनेच्या ऑफिसात गेलो. अध्यक्ष जनार्दन कुंभोजे सत्तरीचे गृहस्थ. मी आधी खाली वाकून बघितलं. त्यांना वाटलं पाया पडतोय, त्यांनी आशीर्वाद दिला. मग पाठीवर, खांद्यावर, दोन्ही गुडघ्यांवर ठोकून बघितलं. मग म्हटलं, मैलभर चला. बिचारे चालले. धाप लागली, पण मध्ये बंद पडले नाहीत. माझा विश्वास बसला आणि मी तक्रार सांगितली.

शेवाळेला जाब विचारतो, असा शब्द त्यांनी दिला. मी विचारलं, सभासद करून घेताना तुम्ही काय बघता?

"वर्गणी भरायची आणि दोघांनी ओळख द्यायची," ते घाम पुसत म्हणाले. "गाड्या आम्ही बघत नाही."

एवढं सोपं असेल तर मीच का होऊ नये? सभासदाची गाडी चांगली असते, म्हणजे मी सभासद झालो की माझी गाडी चांगली होणार. वर्गणी भरली. अध्यक्षांनी आणि चिटणीसांनी ओळख दिली. ती मला लवकर घरी पाठवायला दिली असावी, असं आता वाटतं. घरी येऊन प्रमाणपत्र टेम्पोत टांगलं आणि किल्ली फिरवली. टेम्पो खोकलासुद्धा नाही.

महादेवी म्हणाली, "सभासद कुणीबी होतंय. तुम्हीसुद्धा झालाय. ज्याला आपण नीट ओळखतो, ज्याचं घरदार आपल्याला ठावं हाय, त्याच्याकडनंच घ्या. उद्या संध्याकाळपर्यंत टेम्पो दारात पाहिजे."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती भाजी आणायला बाजारात गेली. मी सभासदांची यादी घेऊन बसलो. सत्तेचाळीस जणांचं घरदार मला ठाऊक नव्हतं. शेवटचं नाव होतं शिवाप्पा, सभासद क्रमांक अठ्ठेचाळीस. याला मी लहानपणापासून ओळखत होतो. घरदार माहीत होतं. शिवाय त्याच्याकडं एक टेम्पोही होता.

खाटेच्या या टोकाला बसून विचारलं, त्या टोकाला जाऊन उत्तर दिलं. टेम्पो सुरू होत नाही, हे त्यानं आपणहून सांगितलं. इतका सरळ विक्रेता मी पाहिला नव्हता. व्यवहार झाला. टेम्पोला हार घातला, नारळ फोडला. चाकाखालचं लिंबू चिरडेना, म्हणून ते हातानं पिळलं.

तेवढ्यात शेवाळे आला, दुसरा टेम्पो घेऊन. अध्यक्षांनी सभासदत्व काढून घ्यायचा दम दिला होता. म्हणाला, हा चालणारा घ्या, तो बिघडलेला मला द्या.

मी हात जोडले. म्हटलं, "तुमचं घरदार मला माहीत नाही. आणि माझा टेम्पो ओळखीच्या माणसाकडून घेऊन झाला."

शेवाळेनं हार बघितला, मला बघितलं आणि चहाला न थांबता टेम्पो घेऊन गेला.

सोमवारी साठ डबे टेम्पोत भरले. मी मागून ढकलला, महादेवीनं पुढं बसून चाक धरलं. दीड वाजता गिरणीवर पोचलो. काम सकाळीच दुसरीला गेलं होतं.

परत येताना मला फार वाईट वाटत होतं. शेवटी ढकलता ढकलता मीच म्हणालो, "तू सांगितलंस तसंच केलं गं. माझं नेमकं चुकलं कुठं?"

"तुमचं न्हाई चुकलं," पुढून आवाज आला. "आमच्या आप्पांचं चुकलं. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले म्हणून पत्रिका छातीशी धरून नाचले. तुम्हाला कुणी वाकून बघितलंच न्हाई."